भिंत कोणाची?

सार्वजनिक भिंतीवर रात्री कोणी आपले नाव खरडून गेले, की सकाळी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सोपा असतो : हे कोणी केले? दुसरा अवघड असतो : ज्याने केले, त्याचे आपण काय करावे? तरुणांच्या हाती शहराच्या भिंती सोपविण्याचा प्रस्ताव एखाद्या नगरपरिषदेपुढे येतो, तेव्हा चर्चा बहुधा खर्चाची व चित्रविषयाची होते. हा दुसरा प्रश्न मात्र कागदपत्रांखाली दडून राहतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने तो उघडपणे हाताळला, म्हणून त्या शहराचा अनुभव पारखून पाहण्याजोगा आहे.

भिंतींवर स्वतःचे नाव रंगविण्याची आधुनिक प्रथा ज्या शहरांत रुजली, त्यांत फिलाडेल्फिया अग्रभागी होते. १९६७ च्या सुमारास डॅरिल मॅक्क्रे हा तेथील कृष्णवर्णीय तरुण ‘कॉर्नब्रेड’ या टोपणनावाने भिंतींवर लिहू लागला. एका मुलीचे लक्ष वेधावे, एवढाच आरंभीचा हेतू होता. पुढे वृत्तपत्राने चुकून आपल्या मृत्यूची बातमी छापली, तेव्हा आपण जिवंत असल्याचे आपण प्राणिसंग्रहालयातील हत्तीच्या अंगावर लिहून आलो, असे तो स्वतः सांगत असे. गोष्ट हसण्यासारखी आहे; तिच्या मुळाशी असलेली आर्तता हसण्यासारखी नाही. ज्याची दखल कोणी घेत नाही, तो आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहितो.

तथापि, समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. ज्या दुकानदाराला दर महिन्याला आपली भिंत पुन्हा रंगवावी लागते, त्याचे नुकसान खरे असते. त्या तरुणाच्या आर्ततेने ते भरून निघत नाही.

१९८४ साली फिलाडेल्फियाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर विल्सन गुड यांनी भिंती विद्रूप होण्याविरुद्ध एक मोहीम सुरू केली. तीत एक असाधारण गोष्ट होती. पुन्हा भिंती खराब करणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर जे तरुण सही करतील, त्यांना शिक्षेतून सूट मिळणार होती. जेन गोल्डन या चित्रकर्तीवर या तरुणांना चित्रकामाकडे वळविण्याची जबाबदारी सोपविण्यात आली. ज्यांना शहर उपद्रवी म्हणत होते, त्यांच्या हातांत रेषेचे बळ आहे, हे गोल्डन यांनी ओळखले. १९९६ साली या मोहिमेतूनच शहराचा स्वतंत्र भित्तिचित्र उपक्रम उभा राहिला, आणि आज त्या शहरात हजारो भित्तिचित्रे आहेत.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो क्षुद्र नाही. ज्या मुलाने कधीच भिंत बिघडविली नाही, त्याचे काय? बिघडविणाऱ्याला रंग, कुंचला आणि गुरू मिळतो. सरळ चालणाऱ्याला काहीच मिळत नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील थोरल्या भावाची तक्रार आपण नेहमी घाईने बाजूला सारतो. परंतु आपण इतकी वर्षे राबलो, हे तो खोटे सांगत नव्हता.

भिंत हे जर बक्षीस असेल, तर त्याची तक्रार योग्यच आहे. पण भित्तिचित्राचे काम कसे चालते, ते पाहावे. आधी वस्तीतील लोकांना विचारावे लागते : तुमच्या भिंतीवर तुम्हांला काय हवे? मग भिंत घासून तयार करायची, आखणी करायची, आणि दुसऱ्याने काढलेल्या रेषेत आपला रंग भरायचा. रात्री एकट्याने नाव लिहिणाऱ्याला दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, आपले नाव मागे ठेवून काम करावे लागते. हे बक्षीस नव्हे. ही जबाबदारी आहे. तरीही थोरल्या भावाचा मान राखायचा, तर हे दार त्याच्यासाठीही तितकेच उघडे असले पाहिजे. केवळ उपद्रव करणाऱ्याकडेच लक्ष देणारे शहर नकळत उपद्रवाचेच शिक्षण देते.

यापुढचा प्रश्न अधिक बोचरा आहे. प्रतिज्ञा केवळ तरुणांनीच करावी काय? ही मोहीम सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १३ मे १९८५ रोजी, याच महापौरांच्या कारकिर्दीत शहराच्या पोलिसांनी ‘मूव्ह’ या संघटनेच्या घरावर हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकली. लागलेली आग वेळीच विझविण्यात आली नाही. अकरा जण मृत्युमुखी पडले, त्यांत पाच बालके होती; एकसष्ट घरे जळून गेली. नगरपरिषदेने या घटनेबद्दल विधिवत क्षमा मागितली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, पस्तीस वर्षांनंतर. भिंतीवर नाव लिहिणाऱ्या पोराकडून जे शहर तत्काळ सही मागत होते, त्याला स्वतःच्या अपराधाखाली सही करण्यास इतकी वर्षे लागली.

यावरून तो उपक्रम ढोंगी होता, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. चांगले काम सदोष हातांनीही होते. निर्दोष हात शोधत बसलो, तर एकही भिंत रंगणार नाही. परंतु क्षमा देणारा आणि क्षमा घेणारा हे दोघे एकाच नियमाखाली उभे असले पाहिजेत. तसे नसेल, तर क्षमा ही सत्तेची केवळ एक लहर ठरते, आणि तरुणांना ते आपल्याआधी कळते.

म्हणून असा प्रस्ताव पुढे आला असता नगरपित्यांनी केवळ एवढेच विचारू नये की ही मुले भिंत नीट सांभाळतील काय. ही मुले इतकी वर्षे आपल्या दृष्टीस का पडली नाहीत, हेही त्यांनी स्वतःला विचारावे. भिंत शहराची आहे, हे खरे. पण ज्याला आपण शहराचा मानलेच नाही, त्याने ती आपली मानावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?