शोध आणि न्याय

इंग्लंडच्या इतिहासात १८३० नंतरचे दशक मन्वंतराचे ठरले. १८३१ साली मायकेल फॅरडेने चुंबकाच्या चलनाने तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न करून दाखविला. १८३२ साली पार्लमेंटच्या मतदानपद्धतीत सुधारणा झाली. १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा संमत झाला. विद्या आणि न्याय ही जोडीनेच चालतात, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह कोणासही होईल. परंतु किंचित बारकाईने पाहावे.

फॅरडेचा नियम राव आणि रंक यांना सारखाच लागू पडला. त्याला कोणाची संमती लागली नाही. सुधारणांचे तसे नव्हे. मतदानाचा हक्क मध्यमवर्गापाशी येऊन थांबला. बहुतेक मजूर बाहेरच राहिले. गुलाम मुक्त झाले, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना कवडीही नाही. उलट त्यांपैकी बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवार’ या नावाखाली जुन्याच धन्याकडे राबावे लागले. हिंदुस्थानातील कंपनीचा मुलूख तर त्या कायद्यातून वगळलाच होता.

सृष्टीचा नियम शोधणाऱ्याच्या सोयीने वाकत नाही. न्याय मात्र सत्ताधाऱ्याच्या मापाने मोजला जातो. म्हणूनच प्रत्येक पिढीला ते माप नव्याने तपासून घ्यावे लागते. विज्ञान पुढे गेले, एवढ्यावरून नीतीही पुढे गेली असे मानणारा समाज आत्मवंचनाच करीत असतो.