कच्चं मडकं कोण ठरवणार?

तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंचं लक्ष तिथल्या थापटण्याकडे गेलं आणि हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मडकं कच्चं आहे की पक्कं, ते यानं कळतं, काकांनी सांगितलं. मग आमचीही पारख करा, असं मुक्ताबाई म्हणाल्या, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे निवांत बसून राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, ते चिडले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडकं कच्चं. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो अशी ख्याती, त्या नामदेवांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला जावं लागलं.

महाराष्ट्रात ही गोष्ट अहंकाराची म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी उचलत नाही. माणूस एखाद्या कामाला तयार झाला की नाही, हे ठरवायचं कुणी? त्याच्या स्वतःच्या खात्रीवर सोडायचं, त्याच्या लौकिकावर, की हातात थापटणं घेतलेल्या दुसऱ्या कुणावर? धर्मविचारातला हा जुना प्रश्न आज भिवंडीच्या गोदामांत आणि चाकणच्या कारखान्यांत रोज उभा राहतो, फोर्कलिफ्टची किल्ली कुणाच्या हातात द्यायची या रूपात.

हे यंत्र जवळून पाहायला हवं. तीन टन माल उचलणारा डिझेल फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांहून जड असतो. मोटारीची पुढची चाकं वळतात, याची मागची. त्यामुळे वळण घेताना मागचं धूड बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, आणि शेजारून चालणारा माणूस त्याच्या आणि रॅकच्या मध्ये कधी सापडला हे ऑपरेटरला दिसतही नाही. चाकं चार असली तरी बहुतेक फोर्कलिफ्टचा मागचा अॅक्सल मध्यभागी एका पिनवर झुलतो. म्हणजे यंत्र खरं तर तीन बिंदूंवर तोललेलं असतं, पुढची दोन चाकं आणि मागच्या अॅक्सलचा मध्य. यंत्र आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत असेल तोवर सगळं ठीक. माल उंच उचलून वळलं, उतारावर आडवं घातलं किंवा लांबलचक पॅलेटमुळे भार फोर्कच्या टोकाकडे सरकला, की तो मध्य त्रिकोणाबाहेर जातो आणि यंत्र उलटतं. पाटीवर 3000 किलो लिहिलेलं असतं, पण त्याच पाटीवर बारीक अक्षरात 500 मिलिमीटरही लिहिलेलं असतं. भाराचा मध्य त्याहून पुढे गेला तर ते 3000 किलो खरे राहत नाहीत.

आणि यंत्र उलटायला लागलं तर काय करायचं? शरीर सांगतं, उडी मार. उडी मारणारा बहुधा डोक्यावरच्या लोखंडी छताखालीच सापडतो. बसून राहायचं, पट्टा बांधलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे ज्ञान उपजत बुद्धीच्या अगदी विरुद्ध आहे. ते अनुभवातून येईल अशी वाट पाहता येत नाही, कारण तो अनुभव अनेकांना एकदाच येतो. ‘दहा वर्षं गाडी चालवतोय, त्याला काय शिकवायचं’ हे वाक्य गोदामात सर्रास ऐकू येतं. दहा वर्षं न उलटल्यामुळे उलटताना काय करायचं हे कळत नाही.

आता नियमांकडे. अमेरिकेत 1971 मध्ये फोर्कलिफ्टसंबंधी केंद्रीय नियम आला तेव्हा प्रशिक्षणाबद्दल त्यात जेमतेम दोन वाक्यं होती. प्रशिक्षित माणसालाच चालवू द्या, आणि प्रशिक्षणाची काही पद्धत बसवा. ही पद्धत म्हणजे काय, हे नीट लिहायला 1998 उजाडलं, आणि 1 मार्च 1999 पासून सविस्तर नियम लागू झाला. वर्गातलं शिक्षण, प्रत्यक्ष यंत्रावरचा सराव, आणि तिसरी गोष्ट अशी की तो माणूस ज्या जागी काम करणार त्याच जागी त्याची पारख. दर तीन वर्षांनी किमान एकदा पुन्हा पारख. अपघात झाला, थोडक्यात टळला, यंत्राचा प्रकार बदलला किंवा गोदामाची मांडणी बदलली, तर उजळणी. मालकानं नोंद ठेवायची, आणि तिच्यात चालवणाऱ्याचं नाव आणि तारखांइतकंच शिकवणाऱ्याचं वा पारख करणाऱ्याचं नावही असलं पाहिजे. सरकार परवाना देत नाही. ते जबाबदारी मालकावर टाकतं आणि थापटणं कुणी मारलं ते लिहून ठेवायला लावतं.

ऑस्ट्रेलियानं दुसरी वाट धरली. तिथे उच्च जोखमीच्या कामाचा परवाना सरकारी यंत्रणा देते, वय 18 पूर्ण लागतं, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. जपानमध्ये एक टन किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या फोर्कलिफ्टसाठी नोंदणीकृत संस्थेतला ठरावीक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. कुठली वाट सरस, यावर लांबलचक वाद होऊ शकतो. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. ‘मी तयार आहे’ हे माणसाचं स्वतःचं म्हणणं पुरेसं मानलेलं नाही.

भारताची कथा वेगळी आहे. मोटार वाहन कायदा 1988 मधल्या व्याख्येनं केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहनं वगळली आहेत. म्हणजे आवाराच्या आतच राबणारा फोर्कलिफ्ट आरटीओच्या हिशेबात येत नाही. तरी भरतीच्या वेळी अनेक ठिकाणी आरटीओचं लायसन्सच मागतात, जणू कार चालवणाऱ्याला मागच्या चाकांनी वळणारं यंत्र आपोआप येतं. कारखाने अधिनियम 1948 मध्ये माल उचलणाऱ्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी करण्याची तरतूद होती, आणि फोर्कलिफ्टचीही तशी तपासणी करून घेण्याची रीत कारखान्यांत रुजली. चालवणाऱ्यासाठी मात्र त्या केंद्रीय कायद्यात सरकारी परवान्याची सोय नव्हती. यंत्राच्या साखळीची तारीख रजिस्टरात सापडते. ती साखळी ज्याच्या हाती आहे त्याला कुणी, कधी, कुठे पारखलं, हे सापडेलच असं नाही. ही उणीव कागदोपत्री नाही, नैतिक आहे. लोखंड थकतं हे आपण मान्य केलं आणि माणूस कच्चा असू शकतो हे विचारायचं टाळलं.

कायद्यात काहीच नव्हतं असंही नाही. 1984 च्या भोपाळच्या विषारी वायूनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात मोठी सुधारणा झाली. कलम 7अ नं कामगारांना माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे कारखानदाराचं सर्वसाधारण कर्तव्य ठरवलं, आणि कलम 111अ नं प्रशिक्षण मिळवणं हा कामगाराचा हक्क ठरवला. हजारो माणसं मेल्यावर ही वाक्यं लिहिली गेली आहेत. ती वाचताना हे विसरता कामा नये.

गोरोबाकाकांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट इथे टाळता येत नाही. पत्नी बाहेर गेली होती, काका पायांनी माती तुडवत होते आणि विठ्ठलनामात रंगून गेले होते. रांगतं मूल चिखलात आलं आणि त्यांच्याच पायाखाली गेलं. मराठी मनाला ही कथा शेवटामुळे सुसह्य होते, कारण पुढे विठ्ठल ते मूल परत देतो. पण चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तर जे उरतं ते फार कठीण आहे. काकांच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. त्यांची तल्लीनता ही साधनेची सर्वोच्च अवस्था मानली जाते. तरी मूल मेलं. आणि परंपरेनं आईचा आक्रोश कथेतून पुसला नाही, तिचा संताप जसाच्या तसा ठेवला. हेतू शुद्ध असला म्हणून पायाखालच्या जिवाचं काही भागत नाही, हे त्या आईला कुठल्याही तत्त्वज्ञापेक्षा आधी कळलं होतं.

कर्माचा विचार करणाऱ्या बहुतेक परंपरा कर्त्याच्या मनापासून सुरुवात करतात. हेतू काय होता, आसक्ती होती का, फळाची इच्छा होती का. टिळकांचं ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं तेव्हापासून मराठी वाचक निष्काम कर्माची चर्चा करत आला आहे, आणि ती चर्चा मोलाचीच आहे. पण ती करणाऱ्याची चर्चा आहे. रॅकच्या आडून येणाऱ्या हेल्परच्या बाजूनं पाहिलं तर ऑपरेटर निष्काम आहे की सकाम, यानं काही फरक पडत नाही. त्यानं वळणावर हॉर्न दिला का, फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवले होते का, माल समोरचं नजरेआड करत असताना तो रिव्हर्समध्ये आला का, एवढ्यावर हेल्पर संध्याकाळी घरी जाणार की नाही हे ठरतं. नियमांची नीती इथून सुरू होते, ज्याच्यावर वजन पडू शकतं त्याच्या जागेवरून. म्हणून कौशल्याला माणसाची खासगी मालमत्ता मानता येत नाही. ते शेजारून चालणाऱ्याचं देणं आहे, आणि देणं फिटलं की नाही हे देणेकऱ्यानं एकट्यानं ठरवायचं नसतं.

अपघात झाल्यावर गुन्हा कुणावर? निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय दंड विधानाच्या 304अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नं ती पाच वर्षांपर्यंत नेली. सीटवर बसलेला माणूस सर्वांत आधी सापडतो, कारण तो तिथेच असतो. ठेकेदाराचा माणूस, महिन्याभरापूर्वी हेल्पर असलेला, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याचं बघून शिकलेला. त्याला कुणी पारखलंच नव्हतं. न पारखलेल्या माणसाला नापास ठरवण्याचा अधिकार पारख टाळणाऱ्यांना उरतो का? हा प्रश्न न्यायालयापुढे येईल तेव्हा येईल, पण तो विचारायला न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी 1934-35 मध्ये पॅरिसच्या कारखान्यांत, रेनोमध्येही, कामगार म्हणून काम केलं. अवधान हा त्यांच्या साऱ्या धर्मचिंतनाचा गाभा. प्रार्थनेलाही त्या अवधानाचंच रूप मानत. पण कारखान्यात त्यांना दिसलं की नगावर मिळणारी मजुरी आणि वेगाची सक्ती माणसाला विचारच करू देत नाहीत. थकवा अवधान खाऊन टाकतो. हे ध्यानात ठेवलं तर प्रशिक्षणाचा नियम एकटा किती अपुरा आहे ते कळतं. डॉकवर ट्रक लागलाय, बारा तासांची शिफ्ट संपत आली आहे, सुपरवायझर ओरडतो आहे, अशा वेळी उत्तम शिकलेला माणूसही पट्टा न बांधता फोर्क वर ठेवून पळतो. पायी चालणाऱ्यांची वाट कठडे लावून वेगळी करणं हे म्हणूनच प्रशिक्षणाइतकंच महत्त्वाचं. मूल चिखलात येऊच नये अशी अंगणाची रचना हवी.

परवान्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आपल्याच इतिहासातून येतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय, यज्ञ करण्याला कोण पात्र, याच चर्चेचा आहे. इच्छा हवी, सामर्थ्य हवं, विद्या हवी, इथपर्यंत विचार निर्दोष वाटतो. मग त्याच अध्यायात शूद्राला वगळलं जातं. ज्याला विद्या शिकूच दिली नाही त्याला विद्या नाही म्हणून दाराबाहेर ठेवायचं, हा अन्याय जोतीराव फुल्यांनी आयुष्यभर उघडा पाडला. पात्रतेची प्रत्येक कसोटी अशी फिरवली जाऊ शकते. उद्या फोर्कलिफ्टचा परवाना इंग्रजी लेखी परीक्षेवर आणि खासगी संस्थेच्या भरमसाट फीवर बेतला, तर बीडहून किंवा बिहारहून आलेला, हातात कसब असलेला तरुण बाहेर राहील आणि दलालाकडून विकत घेतलेलं कार्ड आत जाईल. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं 2010 साली स्पष्ट केलं की प्रशिक्षण कामगाराला समजेल त्या भाषेत आणि त्या शब्दांत दिलं नसेल तर ते दिलं असं धरलं जाणार नाही. भिवंडीत भोजपुरी, उडिया, तेलुगू आणि मराठी एकाच पाळीत कानावर पडतात. तिथे ही अट किती मोलाची ठरेल!

आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर कसोटी रद्द करणं हे नाही. गोरोबांनी थापटणं मारताना जात विचारली नव्हती. कच्चा ठरलेल्या नामदेवांना त्यांनी हाकललंही नाही. नामदेव शिकायला गेले, शिकून आले आणि पुढे वारकरी परंपरा पंजाबपर्यंत घेऊन गेले. कच्चं ठरवणाऱ्या व्यवस्थेवर पक्कं करण्याचीही जबाबदारी येते. कामाच्या वेळात, पगार चालू ठेवून, कामगाराच्या भाषेत, फुकट.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची 2020 ची संहिता लागू झाली आणि कारखाने अधिनियम तिच्यात विलीन झाला. तपशील राज्यांच्या नियमांत ठरायचा असतो, म्हणजे महाराष्ट्राला इथे लिहायला जागा आहे. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची पारख त्याच्याच कामाच्या जागी व्हावी, पारख करणाऱ्याची सही आणि नाव नोंदीत असावं, कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मुख्य मालकाला हात झटकता येऊ नयेत, एवढं स्पष्ट लिहिता येईल. आणि थोडक्यात टळलेला अपघात कळवणाऱ्या ऑपरेटरचा खाडा धरला जाणार नाही, त्याची किल्ली काढून घेऊन त्याला परत हेल्पर केलं जाणार नाही, हेही तिथेच लिहावं लागेल. नाहीतर रॅकला फोर्क घासल्याची, पॅलेट सरकल्याची, कुणीतरी हातभर अंतरावरून वाचल्याची गोष्ट त्या पाळीतच दडपली जाईल, आणि उजळणीची गरज नेमकी कुणाला होती हे सुपरवायझरला अपघातानंतर समजेल.