दोन गाड्या, एक कोड

आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडी चौकाच्या थोडं अलीकडे, एका गॅरेजात उस्ताद आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एक पोरगा काम करीत. पोरगा चलाख होता. त्यात त्याच्या हाती स्कॅनर आला होता, त्यामुळे बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असे.

एकदा धानोरीचे एक काका जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला की गाडी गचके खाई आणि मागचे हॉर्नवर हात ठेवत. जोरात दाबलं तर मात्र सुसाट पळे. पोरानं डॅशबोर्डखाली स्कॅनर लावला. पी०१२२.

"उस्ताद, टीपीएस गेला. नवा टाकू?"

"कोड काय म्हणतो?"

"सेन्सर खराब."

"कोड म्हणतो, सिग्नलचा व्होल्टेज कमी येतोय. कशामुळे, ते त्याला ठाऊक नाही. मीटर आण."

थ्रॉटलची झडप किती उघडली हे कंप्युटरला कळवायचं, एवढंच त्या टीपीएसचं, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं, काम. त्यावरून कंप्युटर पेट्रोल ठरवतो. तारा तीन: एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थ, तिसरीतून सिग्नल जातो. झडप बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५च्या आसपास.

पोरानं चावी ऑन केली, इंजिन बंदच ठेवलं. ५ व्होल्ट येत होते, अर्थही चांगला होता. झडप बंद: ०.५. पूर्ण उघडी: ४.५. पोरगा गोंधळला. "उस्ताद, सेन्सर तर ठणठणीत आहे!"

घटकेत खराब, घटकेत ठणठणीत; दोन्ही वेळा आवाज तेवढाच ठाम. (हा गुण फक्त गॅरेजातच दिसतो असं नाही.)

उस्तादांनी कपाटातून काट्याचा जुना मीटर काढला. "बंद पाहिलीस, उघडी पाहिलीस. मधलं कोण पाहणार? आता हळू उघड. अजून हळू."

काटा चढू लागला आणि झडप जेमतेम उघडली असताना एकदम शून्याकडे पडला, पुन्हा उठला. डिजिटल मीटरचे आकडे बदलेबदलेपर्यंत असला खड्डा निसटून जातो; काट्याची हालचाल मात्र डोळ्याला दिसते. सेन्सरच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक छोटा संपर्क सरकत असतो. काकांची गाडी रोज धानोरी ते येरवडा रांगेतून सरपटायची. पाय सदा तेवढाच दाबलेला, म्हणून देवळाची पायरी मधोमध झिजावी तशी पट्टी नेमकी तिथंच झिजली होती.

"म्हणजे सेन्सरच गेला! मी पहिल्यांदाच म्हणालो होतो," पोरगा खुलला.

"म्हणाला होतास खरा," उस्ताद म्हणाले आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. नवा सेन्सर बसला, काटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता चढला, काका गेले.

पावसाळ्यात, माउलींची पालखी पुढं जाऊन रस्ता मोकळा झाल्यावर, टिंगरेनगरचे एक साहेब आले. गचके तेच, कोडही तोच. कुणीतरी आधीच स्कॅन करून दिला होता. साहेबांनी नवा सेन्सर खोक्यासकट सोबत आणला होता. "फक्त बसवून द्या, दहा मिनिटांचं काम."

पोरानं खोका बाजूला ठेवला. कनेक्टर काढून आधी ५ व्होल्टची तार तपासली. ५ होते. उस्ताद लांबून पाहत होते, बोलले नाहीत. पोरगा वायरिंग हातानं हलवत हलवत मागं गेला आणि एका जागी आकडा शून्यावर आला. ब्रॅकेटला घासून तारेचं आवरण गेलं होतं, आत एकदोन धागे तेवढे उरले होते. त्यानं तार कापून जोडली, डाग दिला, स्लीव्ह चढवली. मग कुणी न सांगता काट्याचा मीटर आणून जुना सेन्सर हळूहळू पूर्ण फिरवून पाहिला. काटा कुठंच पडला नाही.

"मग या नव्याचं काय करू?" साहेब चिडले. "दुकानदार इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही."

उस्तादांनी खोका उलटसुलट करून पाहिला. सील शाबूत होतं. "विचारून बघा. नाहीच घेतला तर डिकीत ठेवा." मग पोराकडे वळून म्हणाले, "बिलात तारेसोबत तपासणीचेही पैसे लाव रे. वेळ तिथंच गेलाय."