दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावरील विजय

इसवी सन २०२५ च्या जानेवारी महिन्यात, १३ तारखेपासून १९ तारखेपर्यंत, नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली होती. तेवीस राष्ट्रांचे खेळाडू तीत उतरले. त्यांत स्त्रियांचे संघ १९ होते. भारतीय स्त्रियांच्या संघाचे नेतृत्व प्रियंका इंगळे यांच्याकडे होते आणि धाराशिवच्या अश्विनी शिंदे या त्या संघात होत्या. या संघाने पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाचा १७५ विरुद्ध १८ गुणांनी पराभव केला. पुढे बांगलादेशाविरुद्ध १०९ - १६, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६ - १६, आणि अखेरच्या सामन्यात नेपाळविरुद्ध ७८ - ४० असे आकडे लागले, आणि जगज्जेतेपद आपल्याकडे आले. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा अवर्षणाच्या बातमीतच यावयाचे, त्याचे नाव या निमित्ताने निराळ्या कारणासाठी छापले गेले, याचा आनंद तेथील लोकांस झाला असल्यास त्यात नवल नाही.

परंतु या आनंदात एक खडा हटकून टाकला जातो, आणि तो टाकणारे लोक मूर्ख नसतात. ते म्हणतात, "ज्यांनी हा खेळ काल-परवा हाती घेतला त्यांना हरविण्यात पुरुषार्थ तो कोणता? एकशे पंचाहत्तरास अठरा हा सामना नव्हे, ही शिकवणी झाली." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विजयाचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या बळावरून ठरते ही समजूत फार जुनी आहे. रावणास दहा तोंडे आणि वीस हात देणाऱ्या कवीस रामाची थोरवीच वाढवावयाची होती; दुबळा रावण मारून राम मोठा झाला नसता. मग कोरियाच्या अठरा गुणांवर आमचे एकशे पंचाहत्तर कितीसे मोठे होणार?

माप जुने असले तरी ते आपण सर्वत्र सारखे लावतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या स्पर्धेस अवघे तीन संघ होते. भारताने जपानवर ११ - १ आणि अमेरिकेवर २४ - १ असे विजय मिळविले. अमेरिकेचा संघ दोन्ही सामने हरूनही कांस्यपदक घेऊन गेला, कारण चौथा संघच नव्हता! त्या सुवर्णपदकास हलके म्हणणारा मनुष्य आपल्याकडे शोधून सापडावयाचा नाही. तो चोविसाचा आकडा आपण मुलाबाळांस अभिमानाने सांगतो, ध्यानचंदांचे नाव घेतो, आणि समोरच्या संघाची तयारी किती होती हे विचारण्याचे भान आपणास राहत नाही. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२२ साली सिडनी येथे स्त्रियांच्या बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. तीत अमेरिकेच्या संघाने कोरियाच्याच संघास १४५ - ६९ असे हरविले. हा कोरिया बास्केटबॉलमध्ये नवखा नव्हे. १९६७ आणि १९७९ या दोन्ही वर्षी त्याच्या स्त्रियांनी जागतिक स्पर्धेत दुसरे स्थान मिळविले होते. तरीही अंतर ७६ गुणांचे पडले. या आकड्यावरून बास्केटबॉल हा जगाचा खेळच नव्हे, किंवा अमेरिकन मुलींनी काही मिळविलेच नाही, असा निष्कर्ष कोणी काढला नाही.

म्हणजे संशय केवळ आकड्यावर नाही. जो खेळ चपला काढून, शाळेच्या मागच्या मातीत, एका पैचे साहित्य न घेता खेळता येतो, त्यातील प्रावीण्यास प्रावीण्य म्हणताना आपली जीभ अडखळते. पिकते तेथे विकत नाही, हीच त्यातली गोम आहे. वस्तुतः या खेळाची घडण पाहिली तर त्या मोठ्या अंतराचा उलगडा होतो. पाठलाग करणारीस मागे वळता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधून जाता येत नाही. पळणारीस दोन्ही मोकळीक आहे. त्यामुळे नुसत्या वेगाने येथे काम भागत नाही. कोणत्या क्षणी आपला पाठलाग सोडून बसलेलीच्या पाठीशी खो द्यावा, हे अंगात मुरावे लागते, आणि मुरण्यास वर्षे लागतात. दिल्लीस मातीऐवजी मॅट होती, संघ लहान होते, गुण मोजण्याची रीत नवी होती. पण हे मूळचे कोडे तेच होते. नियमांचे पुस्तक वाचून ते सुटत नाही.

काही लोक आक्षेपकांस उत्तर देताना दुसरेच माप पुढे करतात. ते म्हणतात, प्रतिस्पर्धी कोरिया नव्हताच; खरा प्रतिस्पर्धी दारिद्र्य होता. या संदर्भात सारिका काळे यांचे नाव हटकून निघते. धाराशिवच्या या खेळाडूने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्या वेळी त्या शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. सुमारे दहा वर्षे आपण एकवेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. हे ऐकून ज्याचे मन हलणार नाही तो दगडच म्हटला पाहिजे. तथापि या उपासास विजयाचे माप बनविण्यास माझे मन धजत नाही. उपासाने पराक्रम वाढत असेल तर दोन वेळ जेवणाऱ्या मुलीचा पराक्रम तेवढ्याने उणा ठरेल, आणि पुढच्या पिढीतील मुलींस पोटभर अन्न देणे म्हणजे त्यांच्या कीर्तीस बाध आणणे होईल! शिवाय या स्तुतीत आपली एक सोय दडलेली असते. भुकेचे कौतुक केले की भूक का राहिली हा प्रश्न विचारावा लागत नाही. त्या उपाशी खेळल्या ही आपल्या समाजाच्या हिशेबातील नावे बाजू आहे; त्या उत्तम खेळल्या ही त्यांची स्वतःची जमा. या दोन बाजूंची गल्लत करू नये.

पैशाचे माप तर बोलूनचालून लंगडे. विश्वविजयानंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या खेळाडूंस प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकाने पाच लाख देऊ केले, आणि तेथील दोघा विजेत्या खेळाडूंनी ते नाकारले. उमरग्यापलीकडे थोडे चालून गेले की कर्नाटक लागते. तेवढ्या वाटेत त्याच विजयाची किंमत पंचेचाळीस पटींनी उतरत असेल, तर ही किंमत विजयाची नव्हे, सरहद्दीची आहे, एवढेच म्हणता येईल.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. माझ्या मते तो प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. समोरचा दुबळा होता की सबळ, हे जिंकणाऱ्याच्या हाती नसते. त्याच्याशी कसे वागावे हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते. गुणफलक शंभराच्या पुढे गेला, समोरच्या मुली दमल्या, त्यांना अजून दिशाही नीट उमगेना, अशा वेळी काय करावे? थोडे सैल खेळावे, चार गुण सोडून द्यावेत, की शेवटच्या क्षणापर्यंत सूर मारीत राहावे?

सैल खेळण्यात दयाबुद्धी दिसते खरी. आजोबा नातवाशी बुद्धिबळ खेळताना वजीर मुद्दाम मारात ठेवतात, आणि नातू जिंकून उड्या मारतो, हे दृश्य गोड आहे. परंतु तेच आजोबा शेजारच्या गृहस्थांशी खेळताना असे करतील, आणि त्या गृहस्थांच्या ते ध्यानात येईल, तर पट उधळला जाईल. कारण त्या दयेचा अर्थ उघड आहे: "तुम्ही माझ्या बरोबरीचे नाहीत, आणि होणारही नाहीत." सात समुद्र ओलांडून आपला खेळ शिकावयास आलेल्या प्रौढ खेळाडूंस नातवाच्या जागी बसविणे, यापरते अपमानास्पद काय असेल?

याच धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे, आणि तेरच्या गोरोबाकाकांची कथा मराठी वाचकांस सांगावयास नको. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, हे पाहिले. नामदेव तेवढे कच्चे निघाले, आणि त्यांस राग आला. या कथेत नामदेवांच्या कच्चेपणाकडेच सर्वांचे लक्ष जाते. माझे लक्ष थापटण्याकडे जाते. काकांनी नामदेवांसाठी हात आखडता घेतला नाही. पंढरीच्या देवाचा लाडका म्हणून त्यांच्यापुरते थापटणे हलके केले असते, तर नामदेव त्या दिवशी खुशीत घरी गेले असते आणि विसोबा खेचरांकडे कधीच गेले नसते. कच्च्यास कच्चे म्हणण्यात कठोरपणा आहे, पण तो भाजला जाऊ शकतो हा विश्वासही त्यातच आहे.

येथे मला एक कुंपण घातले पाहिजे, नाहीतर हा युक्तिवाद भलत्यांच्या उपयोगी पडेल. जगात जे जे बलवान दुबळ्यास चिरडीत आले, ते सर्व असेच म्हणत आले की, आम्ही तुम्हास बरोबरीचे मानतो, म्हणून पूर्ण बळ लावतो. मोंढ्यावरचा मोठा अडत्या लहान दुकानदारास बुडवितो तेव्हाही तो स्पर्धेचेच नाव घेतो. फरक असा की, मैदानात दोघेही आपखुशीने उतरलेले असतात, नियम दोघांस ठाऊक असतात, आणि हरणारा गुणांखेरीज काही गमावीत नाही. सायंकाळी तो पोटभर जेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. जेथे हरण्याने चूल विझते तेथे थापटण्याची उपमा लावू नये.

आणि मैदानातही पूर्ण बळाने खेळल्याने सर्व कर्तव्य फिटले असे होत नाही. आपल्या तालमींत एक म्हण आहे की, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. शिष्य उलटलाच तर त्यास चीत करण्यास तो उपयोगी पडतो. तालमीपुरते हे शहाणपण असेल. परंतु एखादा खेळ जगाचा व्हावा असे ज्यास वाटते, त्यास हा राखीव डाव परवडत नाही. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने भिंतीस फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल रचला, आणि तेथील ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेने तो देशोदेशी मुक्तहस्ताने वाटला. त्याचे फळ अमेरिकेस काय मिळाले? २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तिच्या स्त्रियांनी फ्रान्सवर सुवर्णपदकाचा सामना जिंकला तो ६७ - ६६ असा, एका गुणाने! सिडनीच्या ७६ गुणांच्या अंतरापेक्षा हा एक गुण मला अधिक श्रीमंत वाटतो. उलट आपल्या हॉकीचे पाहा. लॉस एंजेलिसच्या विक्रमानंतर चोपन्न वर्षांनी, १९८६ च्या लंडन येथील विश्वचषकात, भारताचा संघ बारा संघांत बारावा आला. इतरांनी खेळ शिकून घेतला, यास आपण बराच काळ केवळ दुर्दैव समजत राहिलो.

खो-खोच्या बाबतीत धाराशिवकरांनी तरी हे विसरू नये की, तेही एके काळी शिकणारेच होते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधावयास घेतले तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि १९४८ पर्यंत तसाच राहिला. नियमांचा खो-खो तेथे बाहेरूनच गेला. ज्यांनी तो नेला त्यांनी राखीव डाव ठेवला असता, तर आज महाराष्ट्राच्या आणि देशाच्या संघात या जिल्ह्याच्या मुली दिसल्या नसत्या.

तेव्हा दिल्लीच्या विजयाचे मोल काय, या प्रश्नाचे उत्तर त्या सात दिवसांत मिळण्यासारखे नाही. नेपाळने अखेरच्या सामन्यात ४० गुण मिळविले. दक्षिण कोरियाच्या अठरांशेजारी ते ठेवून पाहावेत. पुढच्या कोणत्या तरी स्पर्धेत ते साठ होतील, ऐंशीही होतील, आणि एखाद्या संध्याकाळी आपल्या मुली हरून घरी येतील. त्या दिवशी धाराशिवच्या स्थानकावर त्यांस घ्यावयास कोण जाईल, आणि जाणारा काय बोलेल, हे मला पाहावयाचे आहे. तोपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल. त्या पहिल्या सामन्यातील एकशे पंचाहत्तर गुण आपणा सर्वांस पाठ आहेत. कोरियाच्या मुलींनी ते अठरा गुण कसे मिळविले, कोण चकली, कोणाचा खो उशिरा पडला, हे आपल्या शिक्षकांनी मुलींस एकदा बसवून दाखवावे.