शब्दांचा लोभ आणि शब्दखंडन

परमार्थाच्या वाटेने जाणाऱ्याने शब्दांचा शौक बाळगावा की नाही, हा प्रश्न वेदान्ताने एका अर्थी कधीच निकालात काढला आहे. कारण जी वस्तू वाणीच्या आवाक्यात येतच नाही, तिच्यासाठी दोन पर्यायशब्द हाती घेऊन कोणता अधिक गोड, कोणता अधिक नेमका, याची पारख करीत बसणे हा सरळसरळ विषयलोभच ठरतो. पण हा निकाल ज्यांनी शिरोधार्य मानला, त्यांच्याच घरी मराठी शब्दांचे सर्वांत मोठे भांडार भरावे, याचा उलगडा त्या निकालपत्रात होत नाही.

ज्ञानेश्वरांचेच पाहा. शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सांगताना ज्यांनी एकेका उपमेपाशी इतका मुक्काम केला की मूळ श्लोक मागे पडून श्रोत्यांनाच पुढे चला म्हणावे लागावे, त्यांनीच ‘अमृतानुभवा’त ‘शब्दखंडन’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण लिहिले. त्या प्रकरणाची रचना मोठी मार्मिक आहे. आरंभी शब्दाचा गौरव होतो: विस्मृतीत पडलेल्याला तो आठवण करून देतो, आरसा होऊन तो रूप दाखवितो. मग शांतपणे विचारणा होते की, जे स्वतःच प्रकाशरूप आहे, ज्याला विसरही शिवत नाही आणि म्हणून आठवही लागत नाही, तेथे या उपकारकर्त्याचे काम काय? शब्दाचा अधिकार असा काढून घेतला जातो. आणि गंमत अशी की तो काढून घेणारी ओवीही निवडक शब्दांनीच नटलेली असते. मला यात विसंगती दिसत नाही. शब्दाने सत्य पकडून आणावे अशी ज्याची अपेक्षा असते तो धास्तावलेला असतो, एक शब्द पुरेना म्हणून दुसरा रचीत जातो. उलट, शब्दाच्या हाती ते नाहीच हे ज्याला मनोमन पटले, त्याला शब्दाकडे निर्हेतुक प्रेमाने पाहण्याची सवड मिळते. आपल्याकडील पुष्कळसे तत्त्वविवेचन जे रुक्ष होते ते वैराग्यामुळे नव्हे, या धास्तीमुळे होते, असे माझे मत आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. परक्या शब्दाविषयी इतका सोवळा असणारा हा पुरुष स्वतः लिहू लागला म्हणजे मात्र थेट कचेरीत शिरतो! त्यांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड म्हणजे ईश्वराच्या दरबारी गुजरलेला रीतसर अर्जच आहे: देह हा परगणा, जीव हा तेथला अंमलदार, आणि दंभ, काम, क्रोध हे सरकारकामात अडथळा आणणारे जमीनदार. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि शिष्य त्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासणारा. तेव्हा फारसी दफ्तराची ही परिभाषा नाथांच्या कानावरून रोज जात असली पाहिजे. संस्कृत त्यांना अवगत होतेच. तरीही यावनी शब्दांना हद्दपार करण्याचा हुकूम (हे दोन्ही शब्दही त्याच गोटातले) त्यांनी काढला नाही, कारण वसुलीची धास्ती घेतलेल्या रयतेला मृत्यूचे भय त्याच भाषेत समजणार होते.

शब्द हे केवळ वाहन आहे, आतला अर्थ तेवढा खरा, असे ज्यांना वाटते त्यांनी या अर्जातला ‘परगणा’ काढून तेथे ‘प्रदेश’ घालून पाहावा. वेदान्ताला काडीचाही धक्का लागणार नाही. मात्र जिवाला वरिष्ठांकडे हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव त्या ओळीतून नाहीशी होईल, आणि नाथांनी अर्ज लिहिला होता तो नेमका तिच्यासाठी.