साडेसहाच्या अलीकडे

तेहरान विद्यापीठासमोरच्या इंकिलाब रस्त्यावर पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून आहेत. सादी-हाफिजच्या आवृत्त्या, कायद्याचे जाडजूड ग्रंथ, प्रवेश परीक्षांची गाइडं आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी परीक्षेच्या तयारीचे ढीग. केंब्रिजच्या आयईएलटीएस सरावसंचांच्या स्थानिक छापील प्रती इथे राजरोस विकल्या जातात, कारण कॉपीराइटविषयीचा बर्न करार इराणने स्वीकारलेलाच नाही. याच दुकानांत नुसत्या ‘५०४’ या आकड्याने ओळखलं जाणारं एक पुस्तक असतं. ते मूळचं अमेरिकेतल्या बॅरन्स प्रकाशनाचं, तिथल्याच विद्यार्थ्यांचा शब्दसाठा वाढावा म्हणून काढलेलं. इराणमध्ये मात्र ते घरोघरी पोहोचलं. हे पाचशे चार शब्द पाठ झाले की निम्मा गड सर झाला, असं मानणारे विद्यार्थी तिथे आजही भेटतात.

उरलेला निम्मा गड शब्दांचा नाहीच. तो कशाचा आहे, हे पाहिलं तर या परीक्षांकडे बघण्याची आपली नजर बरीच बदलते.

आयईएलटीएस सुरू झाली १९८९मध्ये, टोफेल त्याच्याही आधी, १९६४मध्ये. दोन्ही परीक्षा ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं तपासतात. आयईएलटीएसमध्ये शून्य ते नऊ अशी श्रेणी असते आणि परदेशी विद्यापीठं साधारणपणे साडेसहा किंवा सात मागतात. मोजपट्टी सगळ्यांना एकच, म्हणून परीक्षा न्याय्य, असा यामागचा दावा आहे. मोजपट्टी एकच असते हे खरं. पण तिच्यापाशी येऊन उभं राहण्यासाठी कोणाला किती चालावं लागलं, याची नोंद गुणपत्रिकेवर कुठेच होत नाही.

भाषेपासूनच सुरुवात करू. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही एकच सर्वनाम. त्यामुळे चांगलं इंग्रजी बोलणारा इराणी माणूसही आईबद्दल सांगताना मध्येच ‘ही’ म्हणून जातो. तीन लिंगं क्रियापदांतही वागवणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटेल, पण हा अज्ञानाचा प्रश्न नव्हे. जो भेद मातृभाषा कधी विचारतच नाही, तो बोलण्याच्या ओघात दर वाक्याला आठवावा लागतो. फारसीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर येत नाही, म्हणून ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं. संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं, म्हणून ‘टेन बुक’. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातला काळ फारसी मराठीसारखाच आहे तसा ठेवते. इंग्रजी तो मागे ढकलते. लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यात मोठी-लहान अक्षरं नाहीत. वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामाला मोठं अक्षर लावण्याची सवय हाताला मुद्दाम लावावी लागते.

पण ‘फारसी भाषक’ हा तरी एकच माणूस कुठे आहे? तेहरानच्या फारसीत ‘वाइन’मधला डब्ल्यू नाही, तिथला विद्यार्थी तो व्हीसारखा उच्चारतो. काबूलकडच्या ‘दरी’ नावाच्या फारसीत तो उच्चार आहे, त्यामुळे अफगाण विद्यार्थी इथे अडत नाही. दुशान्बेचा ताजिक विद्यार्थी तीच भाषा सिरिलिक लिपीत लिहितो. डावीकडून उजवीकडे लिहिणं आणि मोठी अक्षरं त्याला शाळेपासून ठाऊक असतात. मात्र त्याच्या इंग्रजीत रशियनच्या सवयी डोकावतात. तिघांना एकच ‘फारसी भाषकांसाठी टिपा’ देणारा शिकवणीवर्ग निदान दोघांचा वेळ वाया घालवतो.

या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या दुरुस्त होतात. चांगला शिक्षक आणि नियमित सराव एवढ्यावर त्या सुटतात. इराणमधल्या खासगी इंग्रजी वर्गांची परंपरा मोठी आहे आणि शिक्षकही तयारीचे आहेत. जानेवारी २०१८मध्ये सरकारने प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवण्यावर बंदी जाहीर केली, तरी संध्याकाळचे वर्ग भरतच राहिले. अधिक खोल अडचण आहे ती परीक्षा देण्याच्या सवयीची.

इराणी मुलाचं तारुण्य ‘कोंकूर’ नावाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेभोवती फिरतं. चार पर्याय, एक बरोबर आणि तीन चुकलेल्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण वजा. वर्षानुवर्षं अशा सरावातून एक शहाणपण अंगात मुरतं: खात्री नसेल तर हात लावू नये. हे शहाणपण आयईएलटीएसच्या वाचनाच्या पेपरात घातक ठरतं. तिथे चुकीला दंड नाही. रिकामी सोडलेली जागा म्हणजे हातची गेलेली शक्यता. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असताना खात्रीची वाट पाहत बसणारा विद्यार्थी मागे पडतो. त्यात ‘खरं, खोटं, की उताऱ्यात सांगितलेलंच नाही’ असा एक प्रश्नप्रकार येतो. उताऱ्यात काय नाही हे ओळखायला कोंकूरने कधी शिकवलेलं नसतं. विद्यार्थी स्वतःचं सामान्यज्ञान वापरून रिकामी जागा भरतो आणि चुकतो. डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी इराणच्या विज्ञान मंत्रालयाची स्वतःची इंग्रजी परीक्षा आहे. तिच्यात ऐकणं, व्याकरण आणि वाचन आहे. तोंडी परीक्षा नाही. म्हणजे इंग्रजीत शोधनिबंध वाचून संशोधन करणारा माणूससुद्धा समोरच्या अनोळखी परीक्षकाशी अकरा ते चौदा मिनिटं इंग्रजीत बोलण्याचा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशीच अनुभवतो.

लेखनाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि तिथे एक जुना अन्यायही दडलेला आहे. जगातल्या बहुतेक भाषागटांप्रमाणे फारसी भाषकांचेही गुण लेखनात कमी पडतात. याचं स्पष्टीकरण म्हणून अनेक वर्गांत आजही सांगितलं जातं की पौर्वात्य मन गोल-गोल फिरतं आणि इंग्रजी मन सरळ जातं. ही समजूत रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाच्या १९६६च्या एका लेखातून पसरली. त्यांनी निरनिराळ्या भाषागटांच्या मांडणीच्या आकृत्या काढल्या होत्या: इंग्रजीची सरळ रेघ आणि पौर्वात्यांचं वेटोळं. पुढे त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि त्यांनी स्वतःही ती मांडणी सौम्य केली. वेटोळं मात्र वर्गांत राहून गेलं.

फारसीच्या बाबतीत तर ते उघडउघड खोटं आहे. शिराझच्या सादीने १२५८मध्ये ‘गुलिस्तां’ लिहिलं आणि त्यातलं गद्य आजवर वाखाणलं जातं ते त्याच्या आटोपशीरपणासाठी. चार-सहा वाक्यांत गोष्ट संपते, मुद्दा हाती येतो. ज्या भाषेच्या अभिमानाचा ग्रंथ हा आहे, तिच्या लेकरांना थोडक्यात बोलता येत नाही असं म्हणणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. खरं कारण कितीतरी साधं आहे. स्वतःचं मत घेऊन, त्याला दोन कारणं आणि एक उदाहरण देऊन, चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द लिहिण्याचा सराव शाळेने दिलेला नसतो. जिथे बारा वर्षांचं यश पर्यायावर खूण करण्यात मोजलं जातं, तिथे ‘तुमचं यावर मत काय?’ हा प्रश्नच नवा असतो. मराठी माध्यमातून येऊन या परीक्षेला बसणाऱ्या अनेकांनाही हीच अडचण येते. निबंध पाठ करून लिहायचा, ही सवय आपल्याकडेही काही कमी नाही.

पाठांतर हा आणखी एक नाजूक विषय. इराणी घरांत कविता मुखोद्गत असणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण मानलं जातं, आणि ते आहेच. मग परीक्षेच्या तयारीतही तीच शक्ती कामाला लावली जाते: निबंधाचे साचे, सुरुवातीची वाक्यं, बोलण्याच्या परीक्षेतल्या संभाव्य विषयांची तयार उत्तरं. परीक्षकांना नेमकं हेच ओळखायला शिकवलेलं असतं. लेखनाला विषयाला दिलेलं उत्तर, मांडणीची सलगता, शब्दसंपत्ती आणि व्याकरण अशा चार कसोट्या समान वजनाने लागतात. बाहेरून आणलेल्या साच्याने पहिलीच कसोटी हुकते. आयुष्यभर ज्या क्षमतेबद्दल शाबासकी मिळाली, तिच्यावरच विसंबू नको असं विद्यार्थ्याला सांगणं सोपं नसतं. पण जो शिक्षक हे प्रेमाने आणि वेळेवर सांगतो, तो पाचशे चार शब्दांपेक्षा मोलाचं काही देतो. त्याने पाठांतर थांबवू नये. त्याची जागा बदलावी. शब्दांच्या जोड्या आणि क्रियापदांबरोबर येणारी अव्ययं खुशाल पाठ करावीत. मतं पाठ करू नयेत.

भाषेची अट आज ज्या दिशेने लागते, तशी ती कायमच लागत आलेली नाही. १८००मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, तेव्हा इंग्रज अधिकारी तिथे फारसी शिकत होते आणि तिच्या परीक्षा देत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात १८३७पर्यंत फारसीला सरकारी भाषेचं स्थान होतं. महाराष्ट्रात विसाव्या शतकातही ती कॉलेजात शिकवली जात होती. कवी माधव ज्युलियन फारसीचेच प्राध्यापक होते आणि त्यांनी १९२५मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. सत्ता आणि नोकऱ्या ज्या भाषेत असतात, तिच्या परीक्षा लोक देतात. हे लक्षात राहिलं, तर इंग्रजीत साडेसहा न मिळवू शकलेल्या माणसाकडे कमी बुद्धीचा म्हणून पाहिलं जाणार नाही.

आणि मग तयारीचा तो भाग, ज्यावर कुठलंच पुस्तक नाही. इराणच्या बँकांवरील निर्बंधांमुळे तिथल्या माणसाकडे परदेशात चालणारं कार्ड नसतं. फी भरायची तर मध्यस्थ शोधावा लागतो. फीची मूळ किंमत परकीय चलनात ठरते. २०१८च्या सुरुवातीला खुल्या बाजारात डॉलरला पन्नास हजारांहून कमी रियाल मोजावे लागत होते; मार्च २०२५मध्ये दहा लाख. पगार त्या वेगाने वाढलेले नाहीत. जुलै २०१०मध्ये सुरक्षा परिषदेच्या नव्या निर्बंधांनंतर पैशांचे मार्ग बंद झाले आणि टोफेलची इराणमधली नोंदणी थांबली. मे २०१९मध्ये पुन्हा तेच घडलं आणि काही काळाने ती परत सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इराण सरकारने सुमारे आठवडाभर देशाचं इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद केलं. अर्जाची अंतिम तारीख त्या आठवड्यात असणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पनाच करावी.

परीक्षा पार पडली तरी घड्याळ चालूच राहतं, कारण गुणपत्रिका दोन वर्षांपुरतीच ग्राह्य. तेहरानमधली अमेरिकी वकिलात १९७९च्या ओलीसप्रकरणानंतर पुन्हा उघडलेली नाही, म्हणून व्हिसाच्या मुलाखतीसाठी अंकारा, येरेवान किंवा दुबई गाठावी लागते. त्यानंतर पार्श्वभूमीच्या चौकशीत महिनोन्‌महिने जातात. २०१७मध्ये आणि पुन्हा जून २०२५मध्ये अमेरिकेने प्रवेशबंदीच्या यादीत इराणचं नाव घातलं. इंग्रजी विसरली जाऊ शकते म्हणून दोन वर्षांची मुदत, हे कारण समजण्यासारखं आहे. पण इथे मुदत संपते ती दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतल्या विलंबामुळे, आणि फी पुन्हा भरावी लागते ती विद्यार्थ्याला.

अफगाण मुलींसाठी तर परीक्षेचा अर्थच वेगळा आहे. ऑगस्ट २०२१नंतर सहावीपुढची शाळा त्यांना बंद झाली, डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठही. त्या घरात बसून ऑनलाइन इंग्रजी शिकतात. केंद्रावर न जाता देता येणारी डुओलिंगोची परीक्षा उपलब्ध आहे, सुमारे तासाभराची. तिला लागतं ओळखपत्र, कॅमेरा, एकट्याची खोली आणि अखंड इंटरनेट. मोठ्या कुटुंबाच्या घरात एकट्याची खोली मिळवणं हीच पहिली परीक्षा. अफगाणिस्तान आपली बहुतेक वीज शेजारी देशांकडून विकत घेतो आणि काबूलमध्ये ती वारंवार जाते. अशा खोलीतून मिळवलेल्या आकड्याची तुलना टोरोंटोतल्या एखाद्या केंद्रातल्या आकड्याशी करताना वाचणाऱ्याचा हात क्षणभर तरी थांबायला हवा.

नियम लवचीक होऊ शकत नाहीत असं नाही. २०२०च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे जगभरची केंद्रं बंद पडली, तेव्हा कितीतरी विद्यापीठांनी काही आठवड्यांत आपले नियम बदलले आणि घरून दिलेली परीक्षा मान्य केली. टोफेलने स्वतःची घरगुती आवृत्ती त्याच महिन्यात आणली. जिथे जिथे टोफेल चालत होती तिथे ती उपलब्ध झाली. सुरुवातीला वगळले गेले ते चीन आणि इराण. म्हणजे बदल करण्याची ताकद होती, फक्त तो सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. पुण्यात इंग्रजी माध्यमातून पदवी घेऊन गेलेल्या इराणी आणि अफगाण विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या त्या वर्षांना भाषेचा पुरावा मानणं विद्यापीठांच्या हातात आहे. मुदत उलटलेल्या गुणपत्रिकेसोबत शिराझच्या एखाद्या उमेदवाराची अर्ध्या तासाची व्हिडिओ-मुलाखत घ्यायची झाली, तर एक प्राध्यापक, एक लॅपटॉप आणि त्या उमेदवाराची बाजू ऐकून घेण्याची तयारी एवढंच लागतं.