तिच्या शिक्षणाचे कारण तीच

१६७३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रांस्वा पुलँ द ला बार या तरुणाचे स्त्री-पुरुष समानतेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. धर्मशास्त्राचा हा विद्यार्थी देकार्तच्या तत्त्वज्ञानाकडे वळला होता. समजूत जुनी आहे एवढ्यावरून ती खरी मानायची नाही, ही देकार्तची शिस्त. बाईला बुद्धी कमी, या सर्वांत घट्ट रुजलेल्या समजुतीला त्याने ती लावून पाहिली. भेद आहे तो शरीराचा, बुद्धीला लिंग नसते, असा त्याचा निष्कर्ष. न्यायासनावर आणि विद्यापीठात स्त्रियांना जाऊ दिले नाही आणि त्या तिथे दिसत नाहीत हाच त्यांच्या अपात्रतेचा पुरावा ठरवला, हे त्याने दाखवून दिले. स्त्रियांविषयीचे निवाडे पुरुषांनीच लिहिलेले, तेव्हा ते संशयानेच वाचले पाहिजेत, असेही त्याने बजावले. शास्त्रे रचणारे पुरुषच होते, या मुद्द्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीही १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात नेमके बोट ठेवले. युरोपात मात्र पुलँपेक्षा रूसोचे अधिक ऐकले गेले. १७६२ च्या ‘एमिल’मध्ये रूसोने मुलीचे शिक्षण पुरुषाच्या सुखसोयीच्या संदर्भात ठरवले. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले, तरी तो विचार मेला नाही. ‘मुलगी शिकली की घर सुधारते’ असे आपण म्हणतो, तेव्हाही हिशेब घराचाच असतो. मुलगी त्या हिशेबातले साधन असते.

हा हिशेब किती अपुरा आहे, याचा दाखला दिवा-डोंबिवली-कल्याण या आपल्या पट्ट्यातच आहे. शीळफाट्यावरून रस्ता ज्या कल्याणला जातो, तिथे ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. कोवळ्या वयात झालेले मूल अवघ्या काही दिवसांत दगावले, तेव्हा डॉक्टर होण्याचा निश्चय तिने केला. १८८३ मध्ये ती अमेरिकेला गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ती परतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक तिच्यासाठी तयार होती. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, ती पुण्यात वारली. ते काम तिला हाती घेताच आले नाही. घराला किंवा समाजाला किती उपयोग झाला, एवढ्याच मापाने मोजले तर तिचे शिक्षण वाया गेले म्हणावे लागेल. तसे म्हणायला कोणाचीही जीभ रेटणार नाही. कारण शिकण्याचे मोल शिकणाऱ्या माणसातच असते, हे आपल्याला मनोमन पटलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, देशात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे कारण आनंदीबाईंनी स्वतःच दिले होते. खरे आहे. पण ते ध्येय त्यांनी स्वतः निवडले होते. आपले ज्ञान कोणाच्या कामी लावायचे हे माणसाने ठरवणे वेगळे आणि मुलीने कोणाच्या कामी यायचे हे इतरांनी आधीच ठरवून त्या बेताने ज्ञान मोजून देणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपयोगाच्या युक्तिवादानेच मुलींच्या शाळांची दारे उघडली, मग त्याला नावे का ठेवायची? कारण तो युक्तिवाद गरजेपुरतेच दार उघडतो. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले. मुलांसारखा इंग्रजी अभ्यासक्रम मुलींना कशाला, घरकाम सांभाळून जमेल इतकीच शाळा असावी, अशी टीका टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने केली. आगरकरांनी नेमकी उलट बाजू घेतली : मुलामुलींना एकच शिक्षण आणि तेही एकत्र. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारणाऱ्या महर्षी कर्व्यांनीही मातृभाषेचे माध्यम आणि गृहजीवनाला धरून वेगळा अभ्यासक्रम पसंत केला. त्यांच्या कार्याने असंख्य स्त्रियांना विद्येची वाट मिळाली, हे ऋण मोठे आहे. पण बहुतेक स्त्रियांचे क्षेत्र घरच, हे गृहीत धरून आखलेला अभ्यासक्रम ते गृहीतच बळकट करतो. पुलँने दाखवलेले चक्र हेच : आधी संधी आखडायची, मग कुवत आखूड ठरवायची.

उरतो पैशाचा प्रश्न. कमाई तुटपुंजी असलेल्या घराला दोघा मुलांपैकी एकालाच पुढे शिकवता येते, ही ओढाताण खरी आहे आणि तिच्यासाठी त्या घराला दोष देता येणार नाही. मात्र निवड करायचीच तर ती आवड आणि कुवत पाहून व्हावी. मुलगा की मुलगी, हे पाहून नव्हे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्यामुळे एक अडसर दूर झाला. पण ‘एवढे शिकून करायचे काय, लग्नच तर करायचे आहे’ हा प्रश्न सरकारी निर्णयाने सुटत नाही. तो घरातच सोडवावा लागतो. दिवा, डोंबिवली, कल्याण, मुंब्रा या पट्ट्यातल्या प्रत्येक आईवडिलांना एवढीच विनंती आहे : बारावीनंतर मुलीने काय शिकावे हे ठरवताना तिच्या भावी सासरचा किंवा आपल्या अडीअडचणीचा विचार आधी करू नका. तिला काय जाणून घ्यायचे आहे, हे आधी तिलाच विचारा आणि ती जे सांगेल ते पुरेसे कारण माना.